कोवळ्या लहान मेंदूवर क्ष-किरण पडले तर तंतूंची गळती का थांबते?

रंकाळाकाठ

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण मागचं सांगितल्याशिवाय नीट विचारता येईना.

मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एमएससी करतेय, दुसरं वर्ष. सेमिनारला सरांनी 'वाढत्या मेंदूतली सिनॅप्सची छाटणी' हा विषय दिलाय (सिनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींमधला जोड) आणि उदाहरण म्हणून लहान मेंदू घे म्हणालेत. वाचून जे समजलं ते आधी लिहिते, चुकलं असेल तर सांगा. लहान मेंदूत पुर्किंजे नावाच्या मोठ्या, फांद्या फुटलेल्या चेतापेशी असतात. लंबमज्जेत इन्फिरियर ऑलिव्ह नावाचा पेशींचा पुंजका आहे. तिथून निघालेले तंतू पुर्किंजे पेशींवर वेलीसारखे चढतात, म्हणून त्यांना क्लाइंबिंग तंतू म्हणतात. पूर्ण वाढलेल्या रॅटमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या जातीच्या उंदरात, एका पुर्किंजे पेशीवर असा एकच तंतू असतो. पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लात एकेका पेशीवर अनेक तंतू असतात, पाच किंवा त्याहूनही जास्त. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बाकीचे गळतात आणि एकच उरतो. क्रेपेल, मारियानी आणि दले-बुशो या फ्रेंच संशोधकांनी हे १९७६ मध्ये दाखवलं.

इथपर्यंत ठीक. अडलंय ते पुढे. पिल्लं जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत त्यांच्या लहान मेंदूवर क्ष-किरण सोडले, तर ती मोठी झाल्यावरही त्यांच्या पुर्किंजे पेशींवर अनेक क्लाइंबिंग तंतू तसेच राहतात. किरणांनी पेशी मरतात, नासधूस होते, हे आपण शाळेपासून ऐकतो. मग किरण दिल्यावर सिनॅप्स कमी व्हायच्या सोडून जास्त कशा उरतात? पुर्किंजे पेशी जिवंत असतात, ऑलिव्ह शाबूत असतो. मग गळती थांबवली कुणी?

दुसरा प्रश्न घरचा आहे. माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षं आठ महिन्यांचा असताना लहान मेंदूत गाठ निघाली, मेड्युलोब्लास्टोमा. मी तेव्हा सात वर्षांची होते. ऑपरेशन झालं, मग केमो, आणि त्याला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर लाईट. आमच्या घरात रेडिएशनला सगळे लाईटच म्हणतात. आता तो एकोणीस वर्षांचा आहे. पाय फाकवून चालतो. पेला उचलताना हात बरा असतो, पण तोंडाजवळ आणताना थरथर वाढते, म्हणून आई त्याला अर्धाच पेला भरून देते. दहावीला लेखनिक घ्यावा लागला. हे सगळं वाचताना सारखं मनात येतं की त्याच्याही पेशींवर नको ते तंतू राहून गेले असतील का? सेमिनारमध्ये हे बोलणार नाही. पण मला कळायला हवंय.

शेवंती

रंकाळाकाठ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आत्ता देते. दुसऱ्यासाठी मला तुला थोडं विचारावं लागेल, ते शेवटी.

मी बंगळुरूत पीएचडी करताना चार वर्षं हेच तंतू मोजले आहेत. ते मोजतात कसे ते आधी सांगते, नाहीतर 'पाच तंतू' हा आकडा हवेतला वाटतो. पिल्लाच्या लहान मेंदूची पाव मिलिमीटर जाडीची चकती कापायची आणि ऑक्सिजन सोडलेल्या खारट द्रावात जिवंत ठेवायची. काचेच्या बारीक नळीचं टोक एका पुर्किंजे पेशीला चिकटवून तिच्यातला प्रवाह नोंदवायचा. दुसरी नळी तिच्या खालच्या थरात ठेवून तिच्यातून विजेचा अगदी हलका झटका द्यायचा आणि तो थोडा थोडा वाढवत न्यायचा. तंतू एकच असेल तर बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम पूर्ण उसळी येते. त्यापुढे झटका कितीही वाढवला तरी उसळी तेवढीच राहते. हा सगळं-किंवा-काहीच-नाही प्रकारचा प्रतिसाद एकल्स, लिनास आणि सासाकी यांनी १९६६ मध्येच नोंदवला होता. दोन तंतू असतील तर दोन पायऱ्या दिसतात, चार असतील तर चार. पाच दिवसांच्या पिल्लात अशा बुटक्या बुटक्या पायऱ्या दिसतात, वीस दिवसांच्या पिल्लात एकच उंच कडा. तंतू क्लाइंबिंगच आहे याची खातरी करायला लागोपाठ दोन झटके द्यायचे. क्लाइंबिंग तंतूचा दुसरा प्रतिसाद पहिल्यापेक्षा लहान येतो, समांतर तंतूचा (हा पेशीवर येणारा दुसऱ्या जातीचा तंतू, पुढे सांगते) मोठा येतो. पहिल्यांदा मला स्वतःला एका पेशीत स्वच्छ तीन पायऱ्या मिळाल्या तेव्हा मी रात्री दोन वाजता आईला फोन केला होता.

आता किरण. ते लहान मेंदूवर पडतात खरे, पण मारतात कुणाला, तिथे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी १९०६ मध्येच सांगून ठेवलंय की भराभर विभागणाऱ्या आणि अजून पक्क्या न झालेल्या पेशी किरणांना सर्वांत आधी बळी पडतात. रॅटच्या पुर्किंजे पेशी आणि ऑलिव्हच्या पेशी पिल्लू आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्मापर्यंत त्यांचं विभागणं संपलेलं असतं. जन्मानंतर भराभर विभागत असतो तो लहान मेंदूच्या पृष्ठभागावरचा एक पातळ पापुद्रा, बाह्य ग्रॅन्यूल थर. त्यातून ग्रॅन्यूल पेशी जन्मतात आणि पुर्किंजेच्या रांगेतून खाली उतरतात. उतरताना वर आपला तंतू सोडून जातात. तो वर दोन्ही बाजूंना फुटतो आणि आडवा धावतो, तोच समांतर तंतू. मोठ्या रॅटच्या एका पुर्किंजे पेशीवर अशा समांतर तंतूंच्या लाखाहून जास्त सिनॅप्स असतात. आणि ग्रॅन्यूल पेशी किती, तर माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी धरल्या तर त्यातल्या ६९ अब्ज लहान मेंदूत आहेत, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या ग्रॅन्यूलच.

जोसेफ ऑल्टमन यांनी या गोष्टीचा उपयोग करून घेतला. प्रौढ मेंदूतही नव्या चेतापेशी जन्मतात याचा पुरावा १९६०च्या दशकात मांडणारे तेच. त्यांनी नवजात रॅटच्या लहान मेंदूवर पहिल्या दोन आठवड्यांत थोड्या थोड्या दिवसांनी क्ष-किरण सोडले, एका वेळी दीडशे ते दोनशे राँटगेन (किरणांचं जुनं माप). थर पुन्हा भरायला लागला की पुढचा डोस. राहिला तो ग्रॅन्यूल पेशी जवळजवळ नसलेला लहान मेंदू. १९७४ मध्ये वूडवर्ड, हॉफर आणि ऑल्टमन यांनी अशा मोठ्या झालेल्या रॅटच्या पुर्किंजे पेशींची नोंद घेतली, तर एकेका पेशीवर अनेक क्लाइंबिंग तंतू बोलत होते.

म्हणजे किरणांनी क्लाइंबिंग तंतूला हातही लावलेला नाही. गेला तो तिसराच, समांतर तंतू. आणि निवड तो असल्याशिवाय पुरी होत नाही.

मला 'छाटणी' हा शब्द इथे फारसा पटत नाही. छाटणीत बाहेरून कोणीतरी कात्री चालवतं. माझ्या माहेरी कापूस टोकताना एका जागी दोन-तीन बिया टाकतात आणि उगवल्यावर विरळणी करून एकच जोमदार रोप ठेवतात. इथे तसंच आहे, फक्त विरळणी करणारा माणूस नाही. जागा, उजेड आणि शेजारी मिळून ती करतात. पहिल्या आठवड्यात सगळे तंतू पुर्किंजेच्या गोल अंगावर दाटीने बसलेले असतात. मग त्यातला एक इतरांपेक्षा बळकट होत जातो. नवव्या दिवसाच्या सुमारास तो एकटा फांदीवर चढायला लागतो, बाकीचे खाली अंगावरच राहतात. त्याच काळात वरून समांतर तंतू हजारोंनी येऊन फांद्यांचे बारीक शेंडे व्यापतात. खाली राहिलेल्यांना पुसून टाकायचा शेवटचा आदेश पुर्किंजे पेशीच्या आतून निघतो, आणि तो निघायला समांतर तंतूंचं बोलणं लागतं.

हा आदेश कसा चालतो ते माउसवरच्या, म्हणजे रॅटहून लहान जातीच्या उंदरांवरच्या, कामातून उलगडलं. त्यात जपानच्या मासानोबू कानो यांच्या गटाचा वाटा फार मोठा आहे. समांतर तंतू ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन सोडतो, ते पुर्किंजेच्या एमग्लुआर१ या ग्राहीवर बसतं, तिथून जीक्यू प्रथिन, मग पीएलसी-बीटा४, मग पीकेसी-गॅमा. या साखळीतली कुठलीही एक कडी काढलेला माउस घेतला तर मोठेपणीही बऱ्याच पुर्किंजे पेशींवर एकाहून जास्त तंतू राहतात. पीकेसी-गॅमाचं काम १९९५ चं, एमग्लुआर१चं १९९७ चं. किरण नाहीत, ग्रॅन्यूल पेशीही जागच्या जागी, फक्त निरोप पोचत नाही, तरी परिणाम त्याच जातीचा. क्ष-किरणांच्या प्रयोगाचा अर्थ वीस वर्षांनी असा पक्का झाला, हे मला फार सुंदर वाटतं. मधल्या काळात वीव्हर, रीलर, स्टॅगरर अशा उपजत दोष असलेल्या माउसमध्येही हेच दिसलं होतं. स्टॅगररमध्ये समांतर तंतू पुर्किंजेला धड जोडलेच जात नाहीत.

सेमिनारमध्ये दोन गोष्टी नक्की सांग. पहिली, किरण दिले तरी गळती सुरुवातीपासून थांबत नाही. क्रेपेल, दले-बुशो आणि द्युपों यांनी १९८१ मध्ये साधे रॅट, किरण दिलेले रॅट आणि थायरॉइडची कमतरता असलेले रॅट असे तिन्ही शेजारी ठेवून पाहिले. साधारण आठवडाभर तंतू कमी होत जातात, ग्रॅन्यूल पेशी असोत वा नसोत. त्यापुढचा टप्पा मात्र त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. विरळणी दोन खेपांत होते, आणि समांतर तंतू लागतात ते दुसऱ्या खेपेला. म्हणून किरण कुठल्या दिवशी दिले याला डोसाइतकंच महत्त्व आहे. जन्माच्या पहिल्या आठवड्यातले दिवस नुसते मागेपुढे केले तरी मोठेपणी किती पेशी बहुतंतू राहतात ते बदलतं.

दुसरी, 'सिनॅप्स जास्त उरतात' असं म्हणू नकोस. त्या पेशीने समांतर तंतूंच्या लाखभर सिनॅप्स गमावल्या आहेत. तिच्या फांद्या खुरट्या, वेड्यावाकड्या झाल्या आहेत. जास्त आहेत ते फक्त क्लाइंबिंग तंतू, एकाऐवजी दोन-तीन. तुझा पहिला गोंधळ बहुतेक या शब्दानेच झालाय.

आता तुझ्या भावाबद्दल. ऑपरेशननंतर आणि लाईट सुरू व्हायच्या आधी तो कसा होता, हे घरात कुणाला आठवतंय का? फाइल असेल तर तारखा बघ.

गोधडी

मध्येच विचारते, माफ करा. माझा भाचा पाच महिन्यांचा आहे. मागच्या महिन्यात पलंगावरून पडला, दोनदा उलटी झाली आणि नंतर फार झोपाळलेला वाटला, म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन केला. सगळं नीट आहे. पण वरचं वाचून पोटात गोळा आला. पहिल्या काही महिन्यांत किरण मिळाले तर असं होत असेल तर आम्ही चूक केली का?

सह्यकडा

गोधडी, नाही. मी पुण्यात रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे, डोस मोजणं हेच माझं रोजचं काम. किरणांचा डोस ग्रेमध्ये मोजतात. डोक्याच्या एका सीटीत बाळाच्या मेंदूला तीस-चाळीस मिलिग्रेच्या आसपास मिळतात. शेवंतीताईंनी सांगितलेल्या पिल्लांना एका वेळी दीड ते दोन ग्रेच्या आसपास मिळत होते, तेही पुन्हा पुन्हा. एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे. त्यांचा एकच डोस तुमच्या भाच्याच्या पूर्ण स्कॅनच्या पन्नासेक पट धरा. तो थर मारायचाच म्हणून ठरवून दिलेला डोस होता.

लहान मुलांच्या सीटीत आम्ही काळजी करतो ती वेगळ्या गोष्टीची. पुढच्या आयुष्यात कर्करोगाची शक्यता किंचित वाढते, म्हणून गरज नसताना सीटी करायचा नाही आणि केला तर मुलांसाठी ठरवलेल्या कमी डोसावर करायचा. पडल्यावर उलट्या आणि झोपाळलेपण ही गरज आहेच. आत रक्त साकळलेलं असतं आणि ते चुकलं असतं तर त्याची भरपाई नसते. रिपोर्ट आणि तारीख जपून ठेवा. पुढे कुणी उगाच पुन्हा स्कॅन सांगितला तर दाखवता येईल.

हिरोशिमा-नागासाकीचं उदाहरण यात हमखास निघतं, म्हणून तेही सांगतो. स्फोटाच्या वेळी आईच्या पोटात ८ ते १५ आठवड्यांची असलेल्या मुलांत बौद्धिक वाढ गंभीररीत्या खुंटल्याची प्रकरणं सर्वांत जास्त दिसली, १६ ते २५ आठवड्यांत त्याहून कमी. ओटाके आणि शल यांनी १९८४ मध्ये ते मांडलं. पण तो काळ मोठ्या मेंदूच्या पेशी तयार होऊन जागेवर जाण्याचा आहे. लहान मेंदूतल्या तंतूंच्या विरळणीशी त्याची गल्लत करू नका. नातं एवढंच की तिथेही दिवस महत्त्वाचे ठरले.

गोधडी

जीव भांड्यात पडला. वहिनीला आत्ताच वाचून दाखवते.

मुक्काम

शेवंती, सविस्तर लिहिलंत, आभार. एक भर घालतो, कारण सेमिनारला कुणीतरी विचारेलच. 'एक पुर्किंजे पेशी, एक तंतू' हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य आता तितकं कडक राहिलेलं नाही. शिकागोच्या बुश आणि हान्सेल यांनी २०२३ मध्ये दाखवलं की माणसाच्या बहुतेक पुर्किंजे पेशींना बुंध्यापासूनच एकाहून जास्त मुख्य फांद्या असतात. माउसमध्ये अशा पेशी कमी, पण ज्या आहेत त्यातल्या साधारण पाव पेशींवर मोठेपणीही एकाहून जास्त क्लाइंबिंग तंतू सापडले. त्यामुळे प्रौढ पेशीवर दोन तंतू दिसले की आजार, असं समीकरण मांडता येत नाही.

शेवंती

मुक्काम, बरोबर, आणि हे माझ्याकडून राहायला नको होतं. माझ्याच नोंदींत काही पेशी मी 'अपक्व' म्हणून बाजूला टाकल्या होत्या. आज त्या पुन्हा पाहाव्याशा वाटतात. इटलीतल्या ब्राविन, रॉसी आणि स्त्राता यांनी १९९५ मध्ये ग्रॅन्यूल पेशी कमी असलेल्या लहान मेंदूत पाहिलं होतं की एकाच पुर्किंजे पेशीवरचे वेगवेगळे क्लाइंबिंग तंतू फांद्यांचे वेगवेगळे भाग वाटून घेतात. भांडण होतं ते एकाच फांदीवर. आपापली फांदी मिळाली तर दोघेही नांदतात. रंकाळाकाठ, हे सेमिनारमध्ये जरूर घे.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. विरळणी हा शब्द मी सेमिनारच्या मथळ्यातच घेतलाय, सरांना आवडला.

काल माळ्यावरून फाइल काढली. तारखा अशा. ऑपरेशन झालं तेव्हा तो दोन वर्षं आठ महिन्यांचा. त्यानंतर अठरा दिवस तो एक शब्द बोलला नाही. आईला हे दिवस मोजून पाठ आहेत. बोलायला लागला तेव्हा शब्द तोडून तोडून, आणि बसवलं की एका बाजूला कलायचा. मग सात महिने केमो. लाईट सुरू झाली तेव्हा तीन वर्षं चार महिन्यांचा होता. लाईटच्या कागदावर असं आहे: डोकं आणि पूर्ण पाठीचा कणा २३.४ ग्रे, १३ बैठका. मग पुढे फक्त मागच्या भागाला ३०.६ ग्रे, १७ बैठका. त्याला रोज भूल द्यायचे.

एक गोष्ट लिहिताना हात अडतोय, तरी लिहिते. ते सात महिने पप्पांच्या मनात रुतून बसलेत. तेव्हा नात्यातल्या एकाने सांगितलं होतं की गाठ काढल्यावर महिन्याभरात लाईट द्यायची असते, तुमच्या मुलाला थांबवून ठेवलंय. पप्पांना वाटतं तेव्हा आपण भांडायला हवं होतं. त्याचा हात थरथरताना दिसला की ते उठून बाहेर जातात. आणि मी मात्र इकडे उलटंच समजून बसले होते, की लाईट दिलीच नसती तर.

सह्यकडा

ताई, कागदावरचे आकडे मी रोज पाहतो तसेच आहेत. एका बैठकीला १.८ ग्रे. तेराने गुणलं की २३.४, आणि पुढच्या १७ बैठका धरून गाठीच्या जागी एकूण ५४ ग्रे. ही नेहमीची पद्धत आहे.

त्या सात महिन्यांबद्दल वडिलांना माझ्याकडून हे सांगा. मोठ्या मुलांत ऑपरेशननंतर साधारण महिन्याभरात रेडिएशन सुरू करतात, नातेवाइकांनी ऐकलेलं तेच. पण तीन वर्षांखालच्या मुलाला डोकं आणि पूर्ण कण्यावर रेडिएशन देणं शक्यतो टाळतात. त्या वयात मेंदूचे दूरवरचे तंतू मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणाने वेढले जात असतात, आणि त्या वेळी पूर्ण डोक्याला डोस गेला तर शिकण्याच्या क्षमतेवर फार मोठा घाव बसतो. म्हणून आधी केमो देऊन गाठ दाबून ठेवतात आणि मूल तीन वर्षांचं होण्याची वाट पाहतात. तुमच्या भावाला विसरून थांबवलेलं नव्हतं. त्याचं वय वाढावं म्हणून थांबवलं होतं. त्या डॉक्टरांनी हे तुमच्या वडिलांना समजेल असं बसून सांगायला हवं होतं. ते झालं नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि लाईट दिलीच नसती तर, यावर एवढंच. हा आजार मेंदूभोवतीच्या पाण्यातून कण्यात उतरतो. तिथे तो उगवू नये म्हणून तर पाठीलाही डोस देतात. तुमचा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे त्यात त्या तीस बैठकांचा वाटा आहे.

शेवंती

रंकाळाकाठ, तारखा दिल्यास म्हणून आता नीट सांगता येतं.

रॅटमध्ये बाह्य ग्रॅन्यूल थर जन्मानंतर तीन आठवड्यांत संपतो. माणसाच्या बाळात तो साधारण वर्षभरात, फार तर दीड वर्षाच्या आत विरतो. तुझ्या भावाला पहिला किरण लागला तेव्हा तो तीन वर्षं चार महिन्यांचा होता. जो थर मारून ऑल्टमन यांनी पिल्लांतली विरळणी अर्ध्यावर अडवली, तो थर त्याच्या लहान मेंदूत तेव्हा उरलाच नव्हता. ग्रॅन्यूल पेशी केव्हाच खाली उतरून जागेवर बसल्या होत्या, समांतर तंतू पसरलेले होते. रॅटचा प्रयोग त्याच्यावर लागू करता येत नाही. डोसाचा आकडा मोठा दिसतो, पण ती वेळच निघून गेली होती.

दुसरं, ते अठरा दिवस. लहान मेंदूच्या मधल्या भागातली गाठ काढल्यावर काही मुलं दिवसचे दिवस, कधी महिनेही, गप्प होतात. मग तुटक बोलतात, तोल जातो. लहान मेंदूतून मोठ्या मेंदूकडे जाणाऱ्या वाटा दुखावल्यामुळे ते होतं असं मानतात. त्याचं एका बाजूला कलणं आणि शब्द तोडणं तुमच्या आईने पाहिलं ते लाईटच्या सात महिने आधी. पेला तोंडाजवळ आला की थरथर वाढणं ही लहान मेंदूच्या इजेची जुनी ओळखीची खूण आहे, आणि गाठ नेमकी तिथेच होती. त्याच्या चालण्याचा आणि हाताचा मोठा भाग मी गाठ आणि ऑपरेशनकडे टाकेन. लाईटचा वाटा नाही असं मी म्हणत नाही. लिहायला, विचार करून उत्तर द्यायला वेळ लागतो, त्यात तो असू शकतो, पण तो मायलिनच्या बाजूचा. राहून गेलेल्या क्लाइंबिंग तंतूंचा नाही.

एक गोष्ट तुला सांगावीशी वाटते. मेड्युलोब्लास्टोमाच्या एका प्रकारात गाठ उगवते ती याच बाह्य ग्रॅन्यूल थराच्या पेशींतून, ज्या वेळेवर विभागायचं थांबल्या नाहीत. भावाच्या गाठीचा प्रकार कागदावर नसेल, त्या काळी तो सहसा तपासत नसत. पण भराभर विभागण्याच्या ज्या सवयीमुळे रॅटच्या पिल्लांतल्या ग्रॅन्यूल पेशी क्ष-किरणांनी मेल्या, त्याच सवयीमुळे ही गाठही मरते. मी उंदरांवर काम करताना हे कधी माणसाच्या बाजूने पाहिलंच नव्हतं, तुझा प्रश्न वाचेपर्यंत.

थायरॉइडची तपासणी चालू आहे ना? आधी ज्या रॅटचं सांगितलं त्यांच्यासाठी नाही विचारत. ते बाळपणापुरतं. डोकं आणि मानेला लाईट मिळालेल्या मुलांत थायरॉइड आणि वाढीची संप्रेरकं बऱ्याच वर्षांनीही कमी पडतात, आणि त्यातून येणारी सुस्ती आपण मेंदूची समजून सोडून देतो.

रंकाळाकाठ

काल रात्री जेवणं झाल्यावर पप्पांना फाइल घेऊन बसवलं. सह्यकडा दादांनी लिहिलेलं पूर्ण वाचून दाखवलं, मग शेवंतीताईंचं. पप्पा काही बोलले नाहीत. लाईट सुरू झाल्याची तारीख कुठली ते विचारलं. मग तिच्या शेजारी पेनाने भावाची जन्मतारीख लिहिली आणि वजाबाकी केली. दोनदा केली. भाऊ समोरच होता. तो म्हणाला, मला माहीतच नव्हतं मी अठरा दिवस बोललो नाही. आईने त्याला ते सगळे दिवस सांगितले, कोण कोण भेटायला आलं होतं, पहिला शब्द कुठला बोलला. पहिला शब्द 'पाणी' होता.

थायरॉइडची शेवटची तपासणी पावणेदोन वर्षांपूर्वीची निघाली. सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला मीच त्याला घेऊन जाणार आहे. सेमिनार गुरुवारी आहे. पायऱ्यांच्या आलेखाचं चित्र हाताने काढतेय, पाच दिवसांचं पिल्लू आणि वीस दिवसांचं पिल्लू शेजारी शेजारी. शेवंतीताई, काढून झालं की इथे टाकते, एकदा बघाल का?